दोन पुरुष पाणी

तिचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. मामा तिला बूच म्हणायचा, मग आईही म्हणायला लागली, आणि शेवटी शाळेतल्या बाईंनीसुद्धा हार मानली. बुटकी, गुटगुटीत, आणि पाण्यात टाकली की बुडायचं नाव नाही, म्हणून बूच. कालव्यावर गेली की बाकीची पोरं दमून काठावर बसत आणि ही आपली पाठीवर पडून खुशाल तरंगत असे.

मामाचं सगळं याच्या बरोब्बर उलट. धंदा काय, तर पाण्याच्या टाक्या धुण्याचा, आणि गड्याला पोहता येत नव्हतं! कुणी हसलं की म्हणायचा, "मी धुतो तेव्हा टाकी रिकामी असते. भरलेल्या टाकीशी माझा काय संबंध?" आता यावर काय बोलणार? पण असल्या शहाणपणाला कधी ना कधी चपराक बसतेच. ती बसली त्या दिवसाचीच ही गोष्ट.

सुट्टीचे दिवस होते. बूच मामाबरोबर कामाला निघाली तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, "माझा भाऊ धांदरट आहे. त्याला अख्खा घरी आण." बाराव्या वर्षी असली जबाबदारी मिळाली की माणूस फुशारून जातं. बूचही फुशारली.

टाकी वस्तीच्या टोकाला होती. जाडजूड खांबांवर उभी, बाहेरून साठ पायऱ्यांचा लोखंडी जिना. वरच्या सपाट छताला कठडा, एका कडेला गोल तोंड, त्यावर झाकण, आणि तोंडातून आत उतरायला लोखंडी शिडी. आत टाकी दोन पुरुष खोल. भिंतीवर लाल रंगाने फुटांचे आकडे, तळाशी एक आणि वर बारा. अकराच्या वर पाणी गेलं की ते एका नळीतून बाहेर सांडायचं. पाणी आत यायचा जाड नळ वर, छताजवळ. बाकी चारी बाजूंना गुळगुळीत भिंत, पाल चढली तर चढेल.

कामाची पद्धत ठरलेली. मामा आत खराट्याने गाळ लोटायचा. खाली जिन्याच्या पायथ्याशी चावीवाले काका. पाण्याच्या सगळ्या चाव्या त्यांच्या ताब्यात, खांद्यावर कायम ती हातभर लांब लोखंडी चावी. आणि वर, तोंडाच्या कडेला बूच. टाकीत बोललेला शब्द घुमून घुमून त्याचा चिवडा होतो, खालच्या माणसाला काही म्हणता काही कळत नाही. म्हणून मामाने बूचला सांगायचं आणि बूचने खाली ओरडायचं. मामाचा नियम होता, "मी सांगेन तेवढंच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही." आणि आईचा नियम होता, मोठ्यांशी बोलताना मान द्यायचा. त्यामुळे मामा आतून "थांब म्हणावं" म्हणाला की बूच वरून "थांबा!" असं ओरडायची. दोन्ही नियम पाळले जायचे. पोरगी गुणी होती हो, तिच्यावर कुणी ठपका ठेवायचं कारण नाही.

काकांची मात्र एक गंमत होती. पंचवीस वर्षं पंपाशेजारी काढून त्यांचा डावा कान गेला होता आणि उजवा निम्मा उरला होता. त्या निम्म्या कानात दोनच शब्द धड शिरत, 'बंद' आणि 'सोडा'. बाकी सगळं ते अंदाजाने भागवत.

अकराच्या सुमाराला गाळ संपत आला. काकांनी खालून हाक दिली, "अगं ए बूच! दुसरा खराटा पाठवू का वर?"

बूच तोंडातून आत वाकली. "मामा, दुसरा खराटा पाठवू का विचारतायत!"

मामाच्या हातातल्या खराट्याचा बुडखाच राहिला होता, पण कामही दहा मिनिटांचंच होतं. मान वर न करता तो म्हणाला, "सोड!"

सोड, म्हणजे राहू दे. जाऊ दे. कशाला उगीच. तुम्हाआम्हाला कळलं. बूचलाही कळलं. पण निरोप तो निरोप. ती खाली वाकली आणि मानाने, खणखणीत आवाजात ओरडली, "सोडा!"

काकांनी चावी उंचावून दाखवली. खांबाजवळचं चाक फिरवून टाकीचं तळातलं तोंड बंद केलं, सायकलवर टांग मारली आणि मैदानापलीकडच्या पंपघराकडे निघाले. बूचला वाटलं, चहाला चालले असतील. तिने हात हलवून टाटासुद्धा केला.

पाचएक मिनिटांनी टाकीतला जाड नळ खोकला. एकदा, दोनदा, आणि मग धबाबा पाणी.

"अगं, पाणी!" मामा किंचाळला. "कुणी सोडलं?"

'सोडलं' हा शब्द कानावर पडला आणि बूचच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टाकीत पाणी येत होतं आणि पोरीच्या तोंडचं पळालं होतं.

मामा शिडीकडे धावला. तेवढ्यातही गाळाची बादली हातात! टाकून द्यायची की नाही? पण धांदरट माणसाला संकटातच नेमकी काटकसर सुचते. एका हाताने बादली सांभाळत तो सरसर वर आला, आणि त्याचं डोकं तोंडापासून वीतभर खाली असताना शिडीचा वरचा गंजका आकडा कड्कन तुटला. शिडी, मामा आणि बादली तिन्ही मिळून तळाला. शिडी त्याच्या पायावर आडवी पडली. मामा पालथा होता आणि घोटाभर पाण्यात त्याचं तोंड होतं. तो हलत नव्हता.

"काका! काकाऽऽ!" बूच जिवाच्या आकांताने ओरडली. मैदानात चिटपाखरू नव्हतं. साठ पायऱ्या उतरायच्या, मैदान ओलांडायचं, काकांना समजावायचं. दहा मिनिटं तरी गेली असती. दहा मिनिटं नाक पाण्यात ठेवून कोण जगतं?

तिने छतावर पडलेला बादलीचा जादा दोर झाकणाच्या कडीला बांधला आणि घसरत आत उतरली. घाईची गाठ कशी असते सांगायला नको. तळ चार हात राहिला आणि गाठ सुटली. बूच पाण्यात आपटली आणि वरून दोर तिच्याच डोक्यावर येऊन पडला.

रडायला वेळ नव्हता. तिने मामाला उताणा केला, गालावर चापट्या मारल्या. मामा खोकला, ओकला, आणि "आई गं" म्हणाला. तिच्या जिवात जीव आला. दोन्ही पाय भिंतीला रोवून तिने शिडी कशीबशी त्याच्या पायावरून ढकलली. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. तिकडे परत बघायचं नाही असं तिने ठरवून टाकलं. शिडी उभी करायचा प्रयत्न तीनदा केला. तीन गड्यांनी उचलायची ती शिडी, वीतभरही उठेना.

मग तिने वर पाहिलं. डोक्यावर उजेडाची गोल चकती, आणि तिथपर्यंत पोचायला काहीही नाही. आपण मामाला काढायला आलो आणि आपणही अडकलो, हे तिला तेव्हा नीट कळलं.

"कुणाला तरी बोलाव," मामा पुटपुटला.

"कुणाला बोलावू? वर कुणी नाहीये. वर मीच होते."

पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. नळाच्या धबधब्यात एकमेकांचं बोलणंही ऐकू येईना. मामा एका पायावर, भिंतीला टेकून, तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून उभा होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे टाकी धुवायच्या औषधाचा वीस लिटरचा रिकामा कॅन पाण्यावर तरंगत होता. बूचने तो मामाच्या छातीशी धरून दोराने त्याच्या काखांतून घट्ट बांधला. दोराला या वेळी तीन गाठी मारल्या, प्रत्येक दाताने ओढून. पण कॅनचं झाकण? ते मामाने मागच्याच महिन्यात हरवलं होतं! नळाचे शिंतोडे उडून कॅनमध्ये पाणी जायला लागलं. बूचने तळहात कॅनच्या तोंडावर दाबला आणि तो तसाच ठेवला.

मामाच्याही ते लक्षात आलं. एवढ्या कळांत तो तिच्या कानाशी ओरडला, "नाव बरोबर ठेवलं होतं की नाही?"

"गप्प बस मामा," बूच म्हणाली आणि पहिल्यांदा रडली.

पाच. सहा. तळ सुटला. आता दोघं तरंगत होती, म्हणजे बूच तरंगत होती आणि मामा बुडत नव्हता. पोहता न येणारा माणूस पाण्यात दगडासारखा नसतो, तो दगडापेक्षा वाईट असतो. दगड निदान गळा तरी धरत नाही. दोनदा मामाने घाबरून तिच्या मानेला मिठी मारली, दोनदा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. दुसऱ्यांदा तिने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला तेव्हा कुठे त्याने हात काढला.

"ऐक!" ती ओरडली. "आकडे बघ! पाणी अकरावर गेलं की माझा हात वर पोचतोय! आपल्याला काही करायचं नाहीये! नुसतं थांबायचंय!"

खरंच होतं ते. मारायला आलेलं पाणीच उचलून वर न्यायला निघालं होतं. सात. बूचच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. पाणी इतकं गार की हाताची बोटं आहेत का गेली ते कळत नव्हतं. तरी ती आकड्यांकडे बघत राहिली. साडेसात. आठ.

आणि नळ बंद झाला.

काकांची रीतच तशी. धुतलेल्या टाकीत आधी आठ फूट पाणी घ्यायचं, घड्याळ लावून, आणि मग विचारून यायचं. पण हे बूचला कुठे ठाऊक? तिला एवढंच कळलं की गर्जना थांबली आणि टाकीत थेंब टपकल्याचाही आवाज यायला लागला. तिने पाण्यातून उसळी मारून हात वर केला. तोंडाची कड तिच्या बोटांच्या वर अजून दोन हात होती. पुन्हा उसळी मारली. पुन्हा. मग तिच्यात उसळायचं बळ उरलं नाही.

पाय टेकायला तळ नाही, हात पोचायला छप्पर नाही. ना वरचे, ना खालचे. मामाचे ओठ निळे पडले होते आणि कॅन आता निम्मा पाण्यात गेला होता.

"बूच," मामा म्हणाला. तो आता शांत बोलत होता आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. "तू एकटी दिवसभर तरंगशील. माझ्यामुळे दमतेयस. मला सोड."

"नाही."

"आईला सांग, मी सांगितलं म्हणून. सोड मला."

"मी तुझा एकही निरोप कुणाला सांगणार नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की टाकी घुमली. "सकाळी सांगितला ना एक! तू सोड म्हणालास आणि मी सोडा म्हटलं! मीच पाणी सोडायला लावलं, मामा. मीच. काकांना वाटलं, पाणी सोडा."

मामाने तोंडात आलेलं पाणी थुंकलं. मग म्हणाला, "मोठ्या माणसाला मान दिलास. त्यात तुझं काय चुकलं?"

हे तो रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती हुंदके देऊन रडली, पण तळहात कॅनवरून काढला नाही.

तेवढ्यात खालून सायकलची घंटी वाजली.

"अगं ए बूच!" काकांचा आवाज वरच्या गोल उजेडातून आत आला. "पुरे का?"

"काका! वाचवाऽऽ!"

तिचा आवाज भिंतींवर आपटला, फिरला, एकात एक मिसळला आणि त्यातलं काय बाहेर गेलं देव जाणे.

"चहा?" काका म्हणाले. "नको नको, आत्ताच झाला!"

"काकाऽऽ! आम्ही आत आहोऽऽत!"

"बरं बरं! मग निघू का मी? जेवायची वेळ झाली!"

बूचने तोंड मिटलं. आता एकच शब्द उरला होता. त्या निम्म्या कानात धड शिरणारे दोन शब्द, त्यातला 'बंद' कामाचा नाही. राहिला तो दुसरा.

तिने श्वास भरून घेतला तशी मामाला कल्पना आली. "तो नको," तो कळवळून म्हणाला. "निघू का म्हणतायत ते. सोडा म्हटलंस तर त्यांना वाटेल, सोडा काम, जा घरी. कायमचे जातील!"

बूच थबकली. खरंच की. याच शब्दाने घात केला होता. मामाच्या तोंडी त्याचा एक अर्थ, तिच्या तोंडी दुसरा. पण काकांच्या कानात? सकाळी ते खराट्याचं विचारत होते, तरी त्यांनी काय ऐकलं? पाणी. पंचवीस वर्षं त्या माणसाने त्या शब्दाचा दुसरा अर्थ ऐकलाच नव्हता.

"सोडा!" ती ओरडली. घुमणं विरेपर्यंत थांबली. "सोडा!" पुन्हा थांबली. छातीत होतं नव्हतं ते सगळं गोळा केलं. "सोऽडाऽऽ!"

खाली सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज, आणि चाकं दूर जाताना वाजलेली खडी. सायकल पंपघराकडे गेली की घराकडे, ते टाकीच्या पोटातून कळायला मार्ग नव्हता.

दोघं थांबली. आत पडलेला उन्हाचा गोल कवडसा भिंतीवर बोटभर सरकला. कॅन आणखी खाली गेला, पाणी मामाच्या हनुवटीला लागलं, मग खालच्या ओठाला. बूच त्याच्या खाली शिरली आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "मामा, डोळे उघडे ठेव. मामा!" मामाचे डोळे मिटत होते. गेले काका, तिने मनात म्हटलं. जेवायला गेले. आईने आपल्याही पानाची तयारी केली असेल.

नळ खोकला.

एकदा, दोनदा. आणि मग तो धबाबा आवाज, ज्याने सकाळी तिचं काळीज फाटलं होतं. आता तिला तो ऐकून मोठ्याने हसू आलं, आणि हसताना पाणी पिऊन ठसका लागला.

नऊ. दहा. छप्पर खाली खाली आलं. अकरावर तिची बोटं तोंडाच्या कडेला लागली. एका हाताने कड, दुसऱ्या हातात मामाला बांधलेल्या दोराचं टोक. कशी वर आली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. कोपरं सोलून निघाली होती. पण मामा वर येईना. तिने दोर कठड्याला दोन वेढे देऊन ओढला, मामाचं डोकं आणि खांदे तोंडात आले, आणि तिथेच अडकले. पोरीचं बळ संपलं. ती कठड्याला पाय लावून, दोर मुठीत आवळून तशीच बसली. दोर ढिला पडला की मामा खाली जाणार, एवढंच तिला माहीत होतं.

अकराच्या वर पाणी गेलं, नळीतून बाहेर सांडलं. पंपघराच्या खिडकीतून ते दिसलं तसे काका पाणी बंद करून परत आले. सांडलेल्या पाण्यावरून चडफडत त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना छतावर एक भिजलेली, पांढरीफटक पोर दिसली. पुढे काही ऐकायची गरज पडली नाही. ज्या गुडघ्यांची कुरकुर सगळी वस्ती ऐकत आली होती, त्याच गुडघ्यांनी म्हातारा साठ पायऱ्या एका दमात चढला.

त्याने मामाला काखांत धरून वर ओढलं, छतावर उताणा निजवला, छाती चोळली. मामा पाणी ओकला आणि त्याने डोळे उघडले.

"सोड आता पोरी," काका तिच्यापाशी येऊन बसले. "मी धरलंय त्याला. सोड तो दोर."

बूचने ऐकलं. पण मूठ उघडेना. काकांनी तिची बोटं एकेक करून उचलायचा प्रयत्न केला, तर ती आणखीनच आवळली. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती मामाकडे बघत होती.

मामाने मोठ्या कष्टाने मान वळवली. "बूच," तो म्हणाला. "सोड."

सकाळी जे विचारायला हवं होतं, ते तिने आत्ता विचारलं.

"सोड म्हणजे काय करू, मामा?"

मामाचे डोळे भरून आले. तो लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द नीट उच्चारून म्हणाला, "हात उघड. दोर खाली ठेव. आणि माझ्याजवळ ये."

तिने हात उघडला.